वीस मिनिटे पुढे

ता. ११ फेब्रुवारी, बुधवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तुम्हीही असाल, असे लिहायचे असते म्हणून लिहितो. तुमच्याकडची मला काही खबर नाही, आणि इकडची पुढे लिहितोच. तुझी वहिनी गेली तेव्हा तू आलास, चपला न काढता दारापाशी उभा राहिलास आणि पाणीही न घेता गेलास, त्याला अडीच वर्षे झाली. हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. घर बदलते, दुकान सहसा बदलत नाही. तिकिटे दोन लावली आहेत. एक निघाले तर दुसरे राहील.

काम असे आहे. इथे माझ्या एका मित्राचे मनगटी घड्याळ माझ्याकडे आले आहे. जीपच्या टपावरून पडले. बॅलन्सच्या चाकाची दांडी तुटली आहे. पडलेल्या घड्याळात पहिली तीच तुटते, तुला काय सांगायचे. इथल्या गावात भाग मिळत नाहीत. माप मागच्या बाजूला लिहिले आहे, दोनदा मोजले आहे. तुझ्याकडे असली तर एक पाठव.

घड्याळ येऊन तीन महिने झाले. तुला लिहीन लिहीन म्हणत होतो. मध्ये थंडी पडली, मग लेकीकडे पाहुणे आले, मग शाई संपली. असो.

लेक आणि जावईबापू मला चांगले सांभाळतात. मला खिडकीजवळची खोली दिली आहे. तिथे टेबल टाकून गावातली बारीकसारीक घड्याळे बघतो. हात थोडा थरथरतो, पण डाव्या हाताने उजवे मनगट धरले की काम होते. बाबांना दिसले असते तर काय म्हणाले असते ते तुला ठाऊक आहे.

मित्र दोन आहेत. दोघेही इथले, जन्मापासूनचे. एक भोंगा. आवाज मोठा म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. तो जीपमधून मुलांना शाळेत नेतो, आणतो. दुसरे मास्तर. चाळीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाले. मला दोघे काटेराव म्हणतात. पहिल्या दिवशी भोंगा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "एवढे काटे सांभाळता, टोचत नाहीत का?" तेव्हापासून.

गेल्या रविवारी दोघांनी मला सोंड दाखवायला नेले. इथे जमिनीची एक लांब सोंड समुद्रात घुसली आहे, आठ-नऊ मैल असेल. मुख्य जमिनीला ती एका दगडी बांधाने जोडलेली आहे. ओहोटीला बांधावरून गाडी जाते, भरतीला बांध बुडतो. त्यामुळे जायचे ते वेळ बघून. मास्तर भरतीचा तक्ता घेऊन आले होते. सकाळी दहाला बांध उघडा, संध्याकाळी चारला बंद. मी म्हटले, "तीनलाच परत फिरू." भोंगा म्हणाला, "काटेराव, आज काळजी घरी ठेवायची. गाडीत जागा नाही तिला."

धाकट्या, मी असा समुद्र पाहिला नव्हता. एका बाजूला हिरवा आणि चिडलेला, दुसऱ्या बाजूला राखाडी आणि गप्प, आणि मध्ये आपण एवढ्याशा रस्त्यावर. टोकाला बंद पडलेले दीपगृह आहे. त्याच्या पायथ्याशी एक विहीर, समुद्रापासून वीस पावलांवर, आणि पाणी गोड. मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं असं का होतं ते, अजून मलाच पटलेलं नाही." पाव, उकडलेली अंडी आणि केळी खाल्ली. वारा इतका की अंड्याचे मीठ उडून भोंग्याच्या डोळ्यात गेले. तो ओरडला, आणि त्याच्या आवाजाने दीपगृहावरचे सगळे पक्षी उडाले. किती दिवसांनी हसलो. तुझी वहिनी गेल्यावर पहिल्यांदा.

पुढे खडकात आरपार भोक आहे, त्याला खिडकी म्हणतात. तीही पाहिली. परतताना बांधावर थोडे पाणी लागले. मास्तर घसरले, त्यांच्या पायाला लागले आहे. बाकी सगळे सुखरूप. मी दोनदा "चला आता" म्हटले होते, भोंगा साक्षीला आहे.

शाळेने भोंग्याला तूर्त येऊ नको सांगितले आहे. चौकशी होईल म्हणतात. होईल सगळे ठीक.

दांडीचे विसरू नकोस. सौ.ना आणि मुलांना आशीर्वाद. मुले आता मोठी झाली असतील, त्यांना मोठा काका आहे हे ठाऊक आहे का, कोण जाणे.

तुझा वडीलबंधू

ता. २० फेब्रुवारी, शुक्रवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझे पाकीट काल मिळाले. आत पत्र नव्हते. पाकीट उलटे करून झटकले, लेकीलाही बघायला लावले. ती म्हणाली, "बाबा, एवढ्याशा पाकिटात पत्र लपून बसेल कुठे?" काड्यापेटी, तिच्यात कापूस, कापसात चांदीच्या कागदाची पुडी. पुडीची घडी बाबांची. आधी तीन कोन, मग शेपूट आत. मी कितीतरी वेळ ती उघडलीच नाही.

एक दांडी मागितली होती, आत दोन निघाल्या. एक बरोबर मापाची, आज ती भोंग्याच्या घड्याळात बसवली, घड्याळ चालू झाले. दुसरी लांब आणि जाड आहे, मनगटी घड्याळातली नव्हे. ती चुकून आली असावी. तुझ्या गिऱ्हाइकाची असेल तर खोळंबा व्हायला नको. परत पाठवू का? कळव.

मागच्या पत्रात मास्तरांच्या पायाला लागले असे लिहिले होते. खुबा मोडला आहे. झाले असे की आम्ही बांधाशी आलो तेव्हा त्यावर पाणी येऊ लागले होते. भोंग्याने जीप घातली. मध्यावर इंजिन बंद पडले. पाणी बैठकीपर्यंत आले. उतरताना मास्तरांचा पाय दोन दगडांत अडकला आणि ते पडले. मी आणि भोंग्याने त्यांचे डोके पाण्याच्या वर धरले होते. मासेमारीची होडी यायला दीड तास लागला. थंडीने माझे दात इतके वाजत होते की मला वाटले ते सगळ्या गावाला ऐकू जाईल. मास्तर मात्र शांत होते. म्हणाले, "भोंग्या, आता तरी ओरड. आयुष्यभर फुकट ओरडलास." तो ओरडला म्हणून होडीवाल्यांना कळले.

आता मास्तरांच्या छातीत कफ झाला आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात खुब्यापेक्षा त्याची भीती जास्त. मी रोज जातो. दवाखाना टेकडीवर आहे, त्रेसष्ट पायऱ्या. त्यांची खाट कोपऱ्यात, समोर भिंतीवर मोठे घड्याळ, दिवसाला तीन मिनिटे मागे पडणारे. मी तिथल्या नर्सबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "आजोबा, इथे तीन मिनिटांनी कोणाचं काही अडत नाही."

परवा मास्तरांनी माझा हात धरला. म्हणाले, "काटेराव, खरं सांगा. मी तक्ता चुकीचा वाचला का? आदल्या दिवसाची ओळ वाचली असेन का?"

"नाही हो," मी म्हटले.

"मग चारच्या आधी पाणी कसं आलं? बांधाशी पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते. भोंगा तेच म्हणाला." मग छताकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. डोकं चाललं माझं."

त्यांच्या बाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला चहा विचारला. मी चहा घेतला. बघ, मी चहासुद्धा घेतला.

भोंग्याचे उलटेच आहे. त्याला वाटते तक्ता वाचण्यात मास्तरांची चूक झाली, पण तो ते कोणाला बोलत नाही. म्हातारा माणूस खाटेवर पडला आहे, त्याच्यावर कशाला ढकलायचे, म्हणतो. विचारेल त्याला एकच उत्तर, "गाडी माझी, बांध माझ्या ओळखीचा, चूक माझी." येत्या गुरुवारी शाळेत पालकांची सभा आहे. ज्याने भरत्या समुद्रात जीप घातली त्याच्या हाती मुले द्यायची की नाही ते ठरणार. त्याला दुसरे काही येत नाही. पंचवीस वर्षे तो तीच मुले आणि आता त्या मुलांची मुले नेतो आहे.

लेक म्हणते, "बाबा, तुम्ही सभेला जाऊ नका. आपण इथे बाहेरचे. लोकांच्या तोंडी कशाला यायचं?" तिचे बरोबर आहे. जावईबापूंचे साहेब पालकांच्या मंडळावर आहेत.

तुझी वहिनी असती तर तिने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले असते. ती म्हणायची, "तुमचं घड्याळ नेहमी पुढे, आणि तुम्ही मागे." मी घड्याळ वीस मिनिटे पुढे ठेवतो ते तुला ठाऊक आहे की नाही, आठवत नाही. उशीर झाला तर, या धास्तीने लावलेली सवय. विचारले तर मी कधी कबूल करत नाही. घड्याळजीचे घड्याळ पुढे आहे म्हटल्यावर लोक आपली घड्याळे कशाला देतील? पण भोंग्याला आणि मास्तरांना ते पहिल्या आठवड्यातच कळले होते. मी वेळ सांगितली की ते मनात वीस वजा करत. मला ते ठाऊक होते. त्यांना मला ठाऊक आहे हे ठाऊक नव्हते. चाललेच होते आमचे.

हे मी का लिहीत बसलो? तुला मापाचे विचारायचे होते. ती दुसरी दांडी परत पाठवू का, एवढेच कळव. एक ओळ पुरे.

तुझा दादा

ता. २७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्या,

ताकाला जाऊन भांडे लपवणारा माणूस मी. दोन पत्रे लिहिली आणि दोन्हींत भांडे पाठीमागे धरून उभा राहिलो. आता समोर ठेवतो.

त्या रविवारी सकाळी मी माझे घड्याळ रेडिओवर लावले. सातचे ठोके पडले आणि मी काटे वीस मिनिटे मागे घेतले, अगदी ठोक्यावर. मला वाटले, आज समुद्राशी गाठ आहे, आज खरी वेळ हवी. काळजीपोटीच केले. आणि सांगितले नाही. कारण सांगायचे म्हणजे आधी कबूल करायचे की रोज ते पुढे असते.

आमच्या तिघांत त्या दिवशी तेवढे एकच घड्याळ होते. मास्तरांनी सगळा जन्म शाळेच्या घंटेवर काढला, ते घड्याळ बांधत नाहीत. जीपमध्ये घड्याळ नाही. आभाळ भरलेले होते, ऊन दिसत नव्हते. आणि भोंग्याचे घड्याळ माझ्या टेबलावर, तीन महिने, उघडे. शाई संपली होती म्हणून नव्हे. एका दांडीसाठी तुला पत्र लिहायची माझी छाती होत नव्हती म्हणून.

दीपगृहापाशी मास्तरांनी विचारले, "काटेराव, किती वाजले?" मी म्हटले, "साडेतीन." खरेच साडेतीन झाले होते. तेव्हा भोंग्याने मास्तरांना डोळा मारला. माझ्या खांद्यावरून मारला, पण दीपगृहाच्या खालच्या खिडकीला काच आहे, तिच्यात मला तो दिसला. "म्हणजे भरपूर वेळ आहे," तो म्हणाला. "चला, काटेरावांना खिडकी दाखवू."

मी तेव्हा बोलायचे. "आज वजा करू नका." चार शब्द. पण सकाळपासून त्यांनी मला चिडवले होते, मी हसलो होतो, अंडी खाल्ली होती, मला वाटत होते मी त्यांच्यातला झालो. आता घड्याळाचे सांगितले तर पुन्हा तोच रडतोंड्या. शिवाय रोजची लबाडीही उघडी पडणार. मी गप्प राहिलो आणि त्यांच्यामागून चालू लागलो. खिडकीपाशी उभा राहून मी समुद्र पाहिलाच नाही, मिनिट काटा पाहिला. दोनदा "चला आता" म्हटले हे खरे. पण "चला आता" मी रोज म्हणतो, बाकावर बसलो असलो तरी म्हणतो. ते कोण ऐकणार?

बांधाशी आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. भोंग्याच्या हिशेबी चारला पाच कमी. त्याने पाणी पाहिले आणि म्हणाला, "पाच मिनिटं आहेत अजून, ही नुसती लाट." मी म्हटले, "थांब." पुढचे शब्द तोंडात येईपर्यंत चाके पाण्यात होती.

काल सभेला गेलो. लेकीला सांगितले नाही, चालायला जातो म्हटले. शाळेचा मोठा वर्ग, मुलांचे ठेंगणे बाक, त्यांत मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी शेवटच्या बाकावर. भोंगा पुढे उभा, टोपी हातात. हेडबाईंनी विचारले तर त्याने तेच सांगितले, "चूक माझी." आवाज इतका बारीक की मागून कोणीतरी म्हणाले, "मोठ्याने बोला." भोंग्याला मोठ्याने बोला म्हणावे लागले, धाकट्या.

मी उठलो. माझा गुडघा बाकात अडकला, बाक पडला, सगळे वळले. मी म्हटले, "चूक घड्याळाची आहे. म्हणजे माझी. माझं घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं."

कोणाला काही कळेना. हेडबाई म्हणाल्या, "आजोबा, बसा तुम्ही." एक पालक म्हणाले, "म्हणजे घड्याळ बरोबर होतं म्हणून गाडी बुडाली?" लोक हसले. मी पुन्हा सांगितले. मग फळ्यावर खडूने दोन घड्याळे काढून सांगितले, एकात काटे खरे, एकात त्यांच्या मनातले. हात इतका थरथरत होता की वर्तुळे बटाट्यासारखी आली. जावईबापूंचे साहेब समोरच बसले होते. शेवटी म्हटले, "त्यांनी डोळा मारला तो मी पाहिला. सांगता येत होतं. सांगितलं नाही." मग कोणी हसले नाही.

भोंग्याला ते सगळ्यांच्या आधी कळले होते. मी पहिले वर्तुळ काढत होतो तेव्हाच त्याने टोपी डोक्यावर घातली.

काम त्याचे राहिले. एक बाई म्हणाल्या, पाणी दिसत असताना वेळ कशाला बघायची, आणि ते खोटे नाही. पण बाकीच्यांचे मत पडले की पंचवीस वर्षांत मुलाला खरचटले नाही, माणूस सोडू नये. गाडीत शाळेतर्फे घड्याळ बसवायचे ठरले. तेव्हा कोणीतरी हळूच म्हणाले, "ते कोण बसवणार?" माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

बाहेर फाटकाशी भोंगा थांबला होता.

"वीस मिनिटं?" तो म्हणाला.

"वीस."

"मी अठरा दिवस मनात मास्तरांना शिव्या देतोय, काटेराव. खाटेवरच्या माणसाला." त्याने सायकल काढली. मी त्याचे घड्याळ खिशातून काढून दिले. त्याने ते कानाशी नेले, ऐकले, बांधले, आणि गेला. उतारावर त्याची घंटी वाजली नाही. एरवी तो कोंबडी दिसली तरी वाजवतो.

तिथूनच दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. मास्तरांचा ताप उतरला आहे, छाती मोकळी होते आहे, एवढी देवाची दया. त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावले. मग बायकोला म्हणाले, "ऐकलंस? तक्ता बरोबर वाचला होता मी. डोकं शाबूत आहे." चेहरा असा फुलला की मला वाटले संपले, सुटलो. मग त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. म्हणाले, "किती वाजले?" मी सांगितले, "साडेसहा." त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते तीन मिनिटे मागे पडणारे घड्याळ, धाकट्या. ते बघून मग त्यांनी मान हलवली.

लेकीने रात्री मला एकट्यालाच वाढले. सकाळी माझ्या टेबलावर चहा ठेवून म्हणाली, "आईला आवडलं असतं." आणि रडत आत गेली. मला कळत नाही ती माझ्यावर रागावली आहे की नाही.

आता ती दुसरी दांडी.

चुकून आली असावी असे मी लिहिले. भिंगाखाली धरली त्या क्षणी मी ओळखली होती. ती मोठ्या डॉक्टरांच्या खिशातल्या घड्याळाची, आपल्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या. त्या संध्याकाळी बाबांनी तुला तुटलेले तुकडे जोडून दांडी मोजायला बसवले होते, शिक्षा म्हणून. तू पुन्हा पुन्हा मोजत होतास आणि बाबा पुन्हा पुन्हा "चूक" म्हणत होते. तू एकवीस वर्षांचा होतास. ते माप तू अजून विसरला नाहीस.

दुपारची वेळ होती. बाबा जेवायला गेले होते, तू पोस्टात. मी घड्याळ उजेडात बघायला खिडकीशी नेले आणि ते माझ्या हातातून फरशीवर पडले. फार आवाज झाला नाही. मी कानाशी नेले, ते बंद होते. मग मी ते तुझ्या खणात ठेवले. पुढचे तुला ठाऊक आहे. धाकट्याच्या हातून वस्तू पडतात, हे आपल्या घरात ठरूनच गेले होते. लहानपणी दोन कपबश्या आणि एक आरसा फोडलास, तेवढ्यावर तुझे नाव झाले होते. मला काही बोलावेच लागले नाही. तुझ्याबद्दलची वजाबाकी सगळ्यांच्या मनात तयार होती, मी फक्त गप्प बसलो.

बाबांनी डॉक्टरांना स्वतःचे घड्याळ देऊन टाकले आणि नंतर कधी घड्याळ बांधले नाही. तुला म्हणाले, "हा हात घड्याळाचा नाही." तू माझ्याकडे पाहिलेस. मी खणाला कुलूप लावत होतो. दुसऱ्या दिवशी तू ट्रंक घेऊन निघालास, आणि आपले दुकान माझे झाले.

मला वाटायचे तुला संशय असेल. आता वाटते, तुला पहिल्यापासून पक्के ठाऊक होते आणि तू माझ्या तोंडून यायची वाट बघत होतास. तशी वाट बघत तू ही दांडी करून ठेवली होतीस की परवा माझे पत्र आल्यावर केलीस? विकत तर ती मिळत नाही. म्हणजे लेथवर बसून तू ती स्वतः घडवलीस. मी भिंगातून दोन तास पाहिली. टोके अशी की बाबा त्यात चूक काढू शकले नसते.

सोबतच्या डब्यात डॉक्टरांचे घड्याळ आहे. दुकान आवरले, गाव सोडले, पण ते मी माझ्या सामानात ठेवले होते, मोज्याच्या आत. कापूस भरपूर घातला आहे, तरी पार्सल उघडताना जपून. दांडी बसवलेली नाही. पुडीत आहे तशीच ठेवली आहे, घडीही तुझीच. माझ्या हाताला ती बसवायचा हक्क नाही, आणि बसवली असती तरी थरथरीने मोडली असती, दोन्ही खरे आहे. ती तू बसव.

माझे घड्याळ आता रोज रेडिओवर लावतो. बरोबर चालते. वेळ मात्र कोणी विचारत नाही.

उत्तर नाही आले तरी चालेल. लिहिले खरे चालेल, पण चालणार नाही. पोस्टमन अकराला येतो, मी साडेदहापासून खिडकीत बसतो.

बाबांनी त्या संध्याकाळी दिव्याखाली आपल्या दोघांना उभे करून विचारले होते, "कोणाच्या हातून?" कुठे उशीर होऊ नये म्हणून जन्मभर धावलो, आणि या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला एकेचाळीस वर्षे लावली.

माझ्या हातून.

दादा